भोसरीचे गिअर, मावळचा चढ

भोसरीच्या एमआयडीसीत दिवगी टॉर्कट्रान्सफर सिस्टिम्स नावाची कंपनी आहे. १९६४ मध्ये ती दिवगी मेटलवेअर्स या नावाने स्थापन झाली. पुढे अमेरिकेच्या बोर्गवॉर्नरशी तिची भागीदारी झाली, २०१६ मध्ये ती भागीदारी संपल्यावर तिने आजचं नाव घेतलं आणि मार्च २०२३ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. गुंतवणूकदारांनी तेव्हा तिचा ताळेबंद चाळला असेल. डोंगरात गाडी घालणाऱ्यांनी मात्र तिचा माल बघावा, कारण ज्या भागामुळे गाडीला फोर बाय फोर म्हणतात तो ट्रान्सफर केस ही कंपनी बनवते आणि आपल्याकडच्या मोठ्या मोटार कंपन्यांना पुरवते.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्याला अशा गाड्यांचा शेजार जुना आहे. टाटांची सफारी १९९८ मध्ये इथलीच म्हणून रस्त्यावर आली. तिच्या पुढच्या पिढीतल्या सफारी स्टॉर्मची फोर बाय फोर गाडी लष्कराने २०१७ मध्ये निवडली आणि ३,१९२ गाड्यांची मागणी नोंदवली. महिंद्राच्या चाकण कारखान्यातून स्कॉर्पिओ-एन बाहेर पडते. पूर्वीची बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, आपली गुरखा पिथमपूरला बनवते, पण तिचं घर आकुर्डीच. पूर्वेला रांजणगावात २०२१ पासून जीप रँग्लरची जुळणी होते. आणि या पट्ट्याच्या पश्चिमेला, तासा-दीड तासावर, सह्याद्रीची धार उभी आहे.

एवढं असूनही गाडी घेणाऱ्याचा शोरूममधला पहिला प्रश्न इंजिनाचाच असतो. किती अश्वशक्ती, किती टॉर्क? डोंगरातल्या वाटेवर हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तिथे इंजिनाची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी चाकाखालची पकड संपते.

साधा हिशोब करून बघू. गाडी भरून दोन टनांची आहे आणि वाटेवर ओली तांबडी माती आहे. टायर आणि माती यांच्यातला घर्षणांक ०.४ धरू. चारही चाकं ओढत असतील तर गाडीचं सगळं वजन पकडीच्या कामी येतं आणि ती साधारण २२ अंशांचा चढ चढते. दोनच चाकं ओढत असतील आणि वजनाचा निम्माच भाग त्यांच्यावर असेल, तर ११ अंशांपुढे चाकं जागच्या जागी फिरू लागतात. प्रत्यक्षात चढावर वजन मागे सरकतं, म्हणून मागच्या चाकांवर चालणारी गाडी याहून थोडी वर जाते आणि पुढच्या चाकांवर चालणारी याच्याही आधी हात टेकते. तरी मुद्दा तोच राहतो. इंजिन बदललं नाही, अश्वशक्ती वाढली नाही, फक्त गाडीचं सगळं वजन कामाला लावलं आणि चढायची कुवत जवळपास दुप्पट झाली.

वजन कामाला लावायचं हे काम ट्रान्सफर केसचं. हा डबा गिअरबॉक्सच्या पाठीमागे बसतो. आत येणारी ताकद मागच्या प्रोपेलर शाफ्टकडे सरळ जाते. फोर बाय फोर लावलं की आतली एक रुंद साखळी तीच ताकद पुढच्या शाफ्टकडेही नेते. पूर्वी हे काम गिअरच्या दांड्याशेजारच्या दुसऱ्या दांड्याने व्हायचं, आता बऱ्याच गाड्यांत बटण फिरवलं की छोटी मोटर ते करते. मात्र अशा डब्यात पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, दोघांची गती सारखीच राहते. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यांना जास्त फिरायचं असतं. मातीवर तो फरक चाकं थोडी घसरून भरून काढतात. डांबरावर घसरायला वाव नाही, मग सगळा ताण शाफ्ट, त्यांच्या सांध्यांतले क्रॉस आणि साखळीवर चढत जातो. गाडी जड होते, वळणावर अडखळते, आणि फोर बाय फोरमधून बाहेर यायला नकार देते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पाऊस आहे म्हणून फोर बाय फोर लावून फिरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची समजूत अशी की चार चाकं ओढतात म्हणजे ब्रेकही चांगला लागतो. ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांना लागतात, त्यात फोर बाय फोरचं योगदान शून्य.

याच डब्यात दुसरी गोष्ट असते ती 'लो'. ग्रहमालेसारखी फिरणारी गिअरची जोडणी वेग कमी करते आणि त्याच प्रमाणात जोर वाढवते. महिंद्राच्या थारमध्ये हे प्रमाण सुमारे अडीचपट आहे. समजा एखाद्या गाडीचा पहिला गिअर चारास एक, लो अडीचास एक आणि शेवटचा क्राउन-पिनियन पुन्हा चारास एक. गुणाकार होतो ४०. इंजिन निष्क्रिय गतीला, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, गुणगुणत असेल तर चाक मिनिटाला २० फेऱ्या घेईल आणि गाडी ताशी पावणेतीन किलोमीटरने सरकेल. माणूस सावकाश चालतो त्यापेक्षाही हळू, आणि तेही ॲक्सिलरेटरला पाय न लावता. आता जोर बघा. ३०० न्यूटन-मीटरचं इंजिन या ४० च्या गुणाकारातून चाकांच्या कडेला तीन टनांहून जास्त ओढ तयार करू शकतं, आणि गाडीचं वजनच मुळी दोन टन. याचा अर्थ टायर पहिल्यांदा हार मानणार, इंजिन नव्हे. लो गिअर ताकदीसाठी असतो असं सगळे सांगतात. माझ्या मते तो मुख्यतः सावकाशपणासाठी असतो. दगडावर चाक चढताना किती, कधी आणि कुठे, हे ठरवायला त्याने वेळ मिळतो.

इथपर्यंत फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढतात असं आपण धरून चाललो. ते खरं नाही. प्रत्येक धुऱ्याच्या मधोमध डिफरन्शियल असतं, गॅरेजवाल्यांच्या भाषेत 'डिफ'. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्युर याने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीने फिरावं म्हणून ते लागतंच. पण त्याची एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि हा जोर सर्वांत कमी पकड असलेल्या चाकाइतकाच असतो. एक चाक हवेत लटकलं की त्याला जोर लागतच नाही, ते मोकळं फिरतं, आणि जमिनीवर घट्ट बसलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असा वाटा मिळतो. तिरप्या चाकोऱ्यांतून जाताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी होतं. तेव्हा लाखो रुपयांची फोर बाय फोर गाडी दोन चाकं गरागरा फिरवत उभी राहते, आणि बघणारे हसतात.

यावर उपाय डिफ लॉक करण्याचा. गुरखामध्ये पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफ चालक स्वतः लॉक करतो. दोन्ही लावले की प्रत्येक धुऱ्यावरची दोन्ही चाकं सक्तीने एकाच गतीने फिरतात. थारमध्ये मागच्या धुऱ्यावर ईटन कंपनीचं आपोआप लागणारं यांत्रिक लॉक मिळतं. दोन चाकांच्या गतीतला फरक मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांच्या पुढे गेला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक बसतं. इथे नवखे चालक हमखास एक गोष्ट करतात. चाक फिरू लागलं की घाबरून पाय काढतात, फरक १०० पर्यंत पोचतच नाही, आणि लॉक बिघडलंय अशी तक्रार घेऊन घरी येतात. त्याला क्षणभर फिरू द्यावं लागतं. हल्लीच्या गाड्यांत तिसरा मार्गही आहे. संगणक फिरणाऱ्या चाकाला थोडा ब्रेक लावतो, त्यामुळे त्या चाकाला 'पकड' असल्याचा भास डिफला होतो आणि दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. स्वस्त आणि सोयीचा उपाय, पण लांब चढावर ब्रेक तापतात.

आता वाटेकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून हा प्रदेश तयार झाला. कठीण थराचा उभा कडा होतो आणि त्याखालचा सच्छिद्र, मऊ थर झिजून पदर तयार होतो. त्यामुळे इथली वाट हळूहळू चढत नाही. पदरावरून सपाट जाते आणि मग एखाद्या घळीतून एकदम पायरीसारखी वर येते. म्हणूनच इथे गाडीचे कोन महत्त्वाचे. २०२० च्या थारचे आकडे घ्या: पुढचा कोन ४१.८ अंश, मागचा ३६.८, आणि पोटाखालचा फक्त २७. यातला पुढचा कोन जाहिरातीत मिरवतो. गाडी अडकते ती बहुधा पोटावर, शेताचा बांध किंवा वाटेतला उंचवटा ओलांडताना. जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर म्हणजे वीतभर, हेही लक्षात ठेवावं. वाटेत मोठा धोंडा दिसला की तो दोन चाकांच्या मध्ये घ्यायची आपल्याला रस्त्यावरची सवय असते. डोंगरात उलट करायचं, चाक त्या धोंड्यावर चढवायचं. त्याने पोट आणि डिफ दोन्ही वर उचलले जातात. मध्ये घेतला तर एक तर डिफचं हाउसिंग आपटतं किंवा इंजिनखालचा चेंबर फुटतो, आणि तेल सांडलं की त्या दिवशीची सहल तिथेच संपते.

मातीही दर काही कोसांवर बदलते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या चाकणला त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक, ठोकळवाडी धरणाच्या काठाने खांडीकडे गेलं की मुरमाची जागा तांबडी माती घेते, कातळावर शेवाळ दिसू लागतं. चाकणच्या पूर्वेला खेड-शिरूरच्या बाजूला काळी माती. पाणी प्यायली की ती फुगते, टायरच्या खाचा लिंपून टाकते, आणि मग कितीही महागडा टायर गुळगुळीत रूळ होऊन फिरतो. अशा वेळी चाक थोडं जास्त फिरवून माती झाडावी लागते. शेवाळलेल्या कातळावर नेमकं याच्या उलट. तिथे चाक एकदा फिरलं की पकड गेलीच, म्हणून लो गिअरमध्ये, पाय अगदी स्थिर ठेवून.

टायरातली हवा कमी करणं हा सर्वांत स्वस्त उपाय. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय ठेवतो ती १८-२० पर्यंत आणली की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त जागी टेकतो आणि खडबडीवर स्वतःला जुळवून घेतो. दगडाळ वाटेवर मात्र फार कमी करू नये. इथल्या दगडाच्या धारा टायरची बाजूची भिंत कापतात, आणि तिथे पंक्चर काढता येत नाही. परत डांबरावर आल्यावर हवा भरायचा पंप गाडीत नसेल, तर हा उद्योग करूच नये.

चढ आधी पायी बघायचा. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलब खान लोणावळ्याजवळून घाट उतरला आणि उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत फौजेसह कोंडला गेला; वाट न बघता आत घुसण्याची खोड त्याच्याबरोबर गेली असं काही दिसत नाही. पायी बघितलं की चाक कुठून न्यायचं ते ठरतं आणि चढ अर्ध्यात फसला तर काय, हेही. फसलाच, तर वळवायच्या फंदात पडायचं नाही. आडव्या उतारावर गाडीचं वजन खालच्या चाकांवर जातं आणि ती कलंडते. ब्रेक धरायचा, रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि आलो त्याच चाकोरीने सरळ मागे. उतरतानाही हेच तत्त्व. लोचा पहिला गिअर, पाय क्लचवरून लांब, इंजिनच गाडीला रोखून धरतं. घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाकं थांबतात, गाडी थांबत नाही.

पाण्याबद्दल जास्त लिहायला हवं, कारण जीव तिथेच जातात. थारची पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिलिमीटर, गुरखाची ७००. हे आकडे उभ्या पाण्याचे आहेत, ओढ्याचे नाहीत. गाडीचा तळ साधारण चार मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद, म्हणजे पावणेसात चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढलं की गाडीला ६८० किलोंची उचल मिळते. ३० सेंटिमीटर चढलं, आणि दारांतून पाणी अजून आत शिरलेलं नसेल, तर दोन टनांची गाडी तरंगते. त्याच्या कितीतरी आधी चाकांवरचं वजन निम्मं झालेलं असतं, आणि वजन निम्मं म्हणजे पकड निम्मी. चार चाकं ओढतात की दोन, याला तेव्हा अर्थ उरत नाही, कडेने येणारा प्रवाह गाडीला फरशी पुलावरून अलगद सरकवतो. गढूळ पाणी वाहत असलेली फरशी आणि त्यावरची पाण्याची खोली दिसत नाही, एवढं पुरे, मागे फिरायचं.

उभ्या पाण्यातही घाई नको. माणसाच्या चालीने गेलं की गाडीपुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनाजवळ पाणी जरा खाली राहतं. जोरात घातली की पाणी बॉनेटवर उसळतं आणि हवेच्या नळीतून आत शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ती उरलेसुरले रॉड वाकवायची खात्रीशीर पद्धत आहे. आणखी एक बारीक गोष्ट. लांब चढ चढून डिफ तापलेलं असतं. ते एकदम गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून डिफला श्वासाची नळी असते. ती चिखलाने बुजलेली असेल, तर आठवड्याने तेल काढल्यावर ते दुधासारखं पांढरट निघतं.

हे सगळं शिकवणाऱ्या जागाही आहेत. इगतपुरीला महिंद्राने ऑफ-रोड प्रशिक्षणासाठी मुद्दाम ट्रॅक उभारला. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते, विंचवाल्या गाड्यांची दलदलीतली स्पर्धा. पण या विषयातले खरे जाणकार मला वेगळेच वाटतात. पश्चिम महाराष्ट्रातले वडापवाले वर्षानुवर्षं डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर माणसं, शेळ्या, खताच्या गोणी पोचवत आले. त्यांच्या बहुतेक जीप साध्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या. टपावर आणि मागच्या फळीवर लटकलेली माणसं मागच्या धुऱ्यावर वजन टाकत होती, म्हणजे पकड वाढवत होती. कायद्याला ते मान्य नाही आणि ते धोक्याचंही आहे, पण भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूचं होतं. उतारू चढाच्या तोंडाशी कधी उतरवायचे आणि कधी बसवून ठेवायचे, हे त्यांना कुठल्याही घर्षणांकाशिवाय कळायचं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. मोठे टायर आणि उंच केलेली सस्पेन्शन यांची हौस करण्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल माहीत हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाने फेरबदल करता येत नाहीत. दुसरी गोष्ट जमिनीची. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथल्या आडवाटेला गाडी घालणं गुन्हा आहे. आणि डोंगरमाथ्यावरचे सडे जरी मोकळे दिसले, तरी त्यांच्या कातळावर मातीचा थर बोटभर जाडीचाही नसतो. तिथल्या वनस्पती पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात, नेमक्या त्याच महिन्यांत जेव्हा शहरातून गाड्या येतात. चाकाने उखडलेली ती एवढीशी माती पुढच्या सरीत वाहून जाते आणि खाली कातळ उरतो. ज्या वाटेवर गावातला ट्रॅक्टर किंवा बैलगाडी जाते तीच वाट धरावी, तिच्या चाकोऱ्या सोडून शेजारी नवी पाडू नये, आणि पावसाने पाणंद मऊ झाली असेल तर गावकऱ्याला आधी विचारावं. दुसऱ्या दिवशी त्यालाच तिथून दूध घेऊन जायचं असतं.

वीजगाड्या आल्या की डोंगरातला गोंगाट तरी कमी होईल, असं काही जण म्हणतात. आवाज कमी होईल, पण बॅटरीमुळे गाडीचं वजन काही शे किलोंनी वाढतं, आणि मऊ जमिनीत जड गाडी खोल रुतते. टाटांनी २०२५ मध्ये आणलेल्या हॅरियर ईव्हीच्या चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी आहेत. ट्रान्सफर केस नाही, साखळी नाही, मधला लांब शाफ्टही नाही. चाक घसरल्याचं कळून जोर कमी-जास्त करायला तिला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही, यांत्रिक लॉकला इतकी चपळाई कधीच जमणार नाही. भोसरीच्या त्या कंपनीनेही वीजगाड्यांच्या ट्रान्समिशनचं काम हाती घेतलं आहे. फक्त एक गोष्ट साखळीच्या जुन्या डब्याला जमत होती ती दोन मोटरींना जमत नाही. खड्या चढावर पुढची चाकं हलकी होतात तेव्हा जुन्या गाडीत इंजिनाचा जवळजवळ सगळा जोर मागच्या धुऱ्याला जाऊ शकतो. वीजगाडीत पुढच्या मोटरीची ताकद पुढेच अडकून पडते, मागच्या धुऱ्याला उसनी मिळत नाही. हॅरियर ईव्हीत मागची मोटर पुढच्या मोटरीपेक्षा मोठी ठेवलेली आहे.